सात नंबरची सायकल

आधी सायकल उलटी करायची. हँडल आणि सीट खाली, चाकं वर. जुन्या सायकलीचं वय काढून घ्यायला कुणी आलं की मी पहिलं काम हे करते आणि पुष्कळांना ते रुचत नाही. आठवडाभर मेण चोळून जिला चकाकी आणली, ती सायकल ही बाई सरळ पालथी घालते म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडतो. पण सायकलीचं वरचं अंग पाहुण्यांना दाखवण्यासाठी असतं. रंग नवा मारता येतो, सीटला नवं चामडं चढवता येतं, पुढच्या नळीवरचा कारखान्याचा पितळी बिल्ला तर बाजारात सुटा मिळतो. खरं काय ते खालच्या अंगाला असतं, जिथे फडकंही पोचत नाही आणि ब्रशही.

न्युरेम्बर्गच्या एका लिलावघरात मी अठरा वर्षं काम केलं आणि यंदा निवृत्त झाले. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादिका म्हणाली, "वंदनाताई, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण आम्हाला कळेल असं लिहा." तिला वाटत असावं की मी घड्याळं आणि चांदीची भांडी विकत होते. मुळात मला ठेवलं होतं वस्तू पुसून त्यांच्यावर नंबरांच्या चिठ्ठ्या बांधायला. मेकॅनिकलचा डिप्लोमा पदरात होता, पण इथल्या ऑफिसांतून त्याची आनेरकेनुंग, म्हणजे मान्यता, मिळवण्यात तीन वर्षं गेली आणि मिळाली तेव्हा मला तिची गरज उरली नव्हती. कारण दरम्यान एके दिवशी लिलावघरात एक गंजकी सायकल आली. तिचं काय करायचं हे कुणालाच कळेना. मी चिठ्ठी बांधता बांधता म्हणाले, "हिचा पुढच्या चाकाचा चिमटा नंतर बसवलाय, बाकी सायकल पहिल्या महायुद्धाच्या आसपासची आहे." आमची मुख्य, फ्राऊ केसलर, चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं."

अण्णांचं दुकान इचलकरंजीत होतं. तासावर भाड्याने सायकली. एकूण अठरा. मागावरचे कामगार पाळी सुटली की सायकल न्यायचे आणि बाजार, दवाखाना, सिनेमा उरकून परत आणायचे. मी शाळेतून आले की दप्तर टाकून दुकानात. छर्रे रॉकेलमध्ये धुणं, चेनला तेल देणं, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणं, ही माझी कामं. तेव्हा ती मला शिक्षा वाटायची. तीच विद्या पुढे परदेशात पोट भरील असं त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी रॉकेलचा डबा त्याच्या अंगावर ओतला असता.

आता धंदा थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या सायकलीला जन्मदाखला नसतो. फ्रेमवर नंबर असतो, पण ज्या वहीत तो लिहिला ती वही बहुतेक वेळा कारखान्याबरोबर जळालेली असते. मग सुटे भाग विचारायचे. लकाकी पिवळसर असेल तर निकेल, निळसर असेल तर क्रोम, आणि क्रोम नंतर आलं. चेनच्या कड्या लांब असतील तर सायकल फार जुनी. जे भाग चकचकीत असायला हवेत ते काळ्या रंगाने रंगवलेले असतील तर युद्धाचे दिवस, कारण तेव्हा चकाकी द्यायला धातू नव्हता. आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमध बसलेलं हब. उलटं पायडल मारलं की ब्रेक लागतो ते हब श्वाइनफुर्टला बनायचं आणि त्याच्यावर बनवल्याच्या वर्षाचे दोन बारीक आकडे ठोकलेले असायचे. बोटभर ग्रीस पुसलं की वय समोर. या दोन आकड्यांनी मला पुष्कळ मान मिळवून दिला. एकदा चांगलं तोंडघशीही पाडलं, ते पुढे सांगते.

आधी इंगोलश्टाटच्या कुलकर्ण्यांबद्दल. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, मूळचे पुण्याचे. दिवाणखान्यात मांडायला त्यांनी इंटरनेटवरून 'युद्धपूर्व अस्सल जर्मन' सायकल घेतली होती. मंडळाच्या गणपतीत मला गाठून म्हणाले, "फक्त साल सांगा, पितळी पाटी करून घेतोय." मी घरी गेले. वहिनींनी चहा टाकला. मी सायकल पालथी केली आणि तारा मोजल्या. पुढच्या चाकाला बत्तीस, मागच्या चाकाला चाळीस.

"जर्मन सायकलीला दोन्हीकडे छत्तीस असतात," मी म्हटलं.

"मग इंग्लिश असेल," कुलकर्णी आशेने म्हणाले.

मी पुढच्या चिमट्याजवळचा रंग नखाने खरवडला. खाली पत्र्याची एक चकती होती, अर्धी तुटलेली, आणि तिच्यावर देवनागरीत 'पालिका' एवढी अक्षरं शिल्लक होती. ज्यांनी त्या काळी सायकली चालवल्या त्यांना सांगायला नको. सायकलीचा कर भरला की नगरपालिका असला बिल्ला द्यायची आणि तो नसला की चौकात पोलीस हवा सोडायचा.

कुलकर्ण्यांनी वाकून ती अक्षरं वाचली. मग म्हणाले, "आल्झो, म्हणजे मी पुण्याहून एवढ्या लांब येऊन आपल्याकडचीच सायकल विकत घेतली?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," आतून वहिनी म्हणाल्या. "आणि माझ्या वडिलांची अशीच सायकल आपण भंगारात दिली."

ती सायकल अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे. पाटी मात्र केली नाही.

कोलोनचे एक प्राध्यापक होते. ते माझ्याशी पत्राने भांडायचे. त्यांच्या सायकलीच्या पायडलांना पिवळे काचमणी होते आणि ते युद्धाच्या थोडं आधी सक्तीचे झाले, म्हणून आधीच्या कुणी तरी ती सायकल त्या वर्षांची ठरवली होती. प्राध्यापकांना ती त्याहून जुनी हवी होती आणि पुरावा एकच, की त्यांचे आजोबा तसं म्हणायचे. मी ती सायकल न्युरेम्बर्गला मागवून घेतली. पायडलं नंतरची होती यात शंका नाही. पण दातांच्या चक्रात लांब कडीची चेन बसत होती आणि फ्रेमच्या सांध्यांवरचं निकेल पिवळं पडलेलं होतं. आजोबा खरं बोलत होते, आणि थोडं कमीच सांगत होते. मी तसं लिहून दिलं. प्राध्यापकांनी त्यावरही सात पानी पत्र लिहिलं, त्यात शेवटी दोन ओळींत आभार होते आणि सोबत टपालाने एक केक, जो वाटेत चुरा झाला. आमच्या ह्यांनी तो चमच्याने खाल्ला.

असे चार विजय गाठीला लागले की माणूस चढतो. मीही चढले. लोक 'फ्राऊ पवार बघतील' म्हणायचे आणि मी बघायचे, आणि मी बघितलं की विषय संपायचा.

हेर ब्रांडल आले तो २०१४ चा मे महिना. लिलाव शनिवारी होता आणि त्याआधी सोमवारपासून वस्तू बघायला मांडलेल्या होत्या. एका खेड्यातल्या खळ्यात पडून असलेली काळी सायकल आमच्याकडे आली होती. पाठवणारी बाई शाळेत शिक्षिका, फ्राऊ रायटर. आजोबांचं घर तिच्या वाट्याला आलं होतं आणि ती ते रिकामं करत होती. सायकलीत विशेष काही नव्हतं. कुणी तरी ब्रशने जाड काळा रंग फासलेला, बिल्ला गायब.

सोमवारी सकाळी एक म्हातारा गृहस्थ तिच्यासमोर उभा राहिला तो दुपारपर्यंत हललाच नाही. वय एक्याऐंशी, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त. शेवटी फ्राऊ केसलरने मला बोलावलं.

"ही आमची सात नंबर आहे," हेर ब्रांडल म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या वडिलांचं स्टेशनच्या मागे दुकान होतं, बारा सायकली, भाड्याने द्यायच्या. वडील युद्धावर गेले ते परत आले नाहीत. सायकली एकेक करून सैन्याने नेल्या. शेवटी सात नंबर तेवढी राहिली. युद्धाच्या शेवटच्या वसंतात त्यांची आई ती घेऊन खेड्याकडे गेली, घरात खायला काही नव्हतं म्हणून. संध्याकाळी ती चालत परत आली. पाठीवर बटाट्याचं पोतं होतं. सायकल दिली की कुणी घेतली हे तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. हेर ब्रांडल तेव्हा बारा वर्षांचे होते.

"वडिलांचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे," ते म्हणाले. "घर बॉम्बमध्ये गेलं. त्यांनी स्वतः जोडलेली एवढी एकच वस्तू कुठे तरी असेल असं मला वाटायचं."

"कशावरून ओळखलीत?"

"हँडल. डावीकडे जरा खाली झुकलेलं आहे. मी त्यावर बसायचो."

हँडल झुकलेल्या सायकली मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. फ्राऊ केसलरने शिक्षिकेला फोन लावला. ती चांगल्या मनाची निघाली. म्हणाली, "आजोबांना ती कशी मिळाली मला माहीत नाही. पण त्यांच्या वडिलांची असेल तर लिलाव नको, त्यांना देऊन टाका. मात्र तुमच्या तज्ज्ञ बाईंनी तसं लिहून द्यायला हवं. उगाच कुणालाही नको." तेव्हा सगळं माझ्या कागदावर आलं. तज्ज्ञाच्या अशा लेखी निर्वाळ्याला इथे गुटआख्टेन म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना लोक नकळत ताठ उभे राहतात.

मंगळवारी मी सायकल पालथी केली. चिमटा एका कारखान्याचा, क्रँक दुसऱ्या, सीटचा सांगाडा तिसऱ्या. काही भागांवर निकेल, काहींवर क्रोम. एकाचं दुसऱ्याशी वय जुळेना. मग मागच्या हबवरचं ग्रीस पुसलं. ५१.

युद्ध संपून सहा वर्षं झाल्यावरचं हब. माझ्या डोक्यात सगळं पटकन जागेवर बसलं. युद्धानंतर इथे लोक ढिगाऱ्यांतून मिळेल ते भाग गोळा करून सायकली जोडायचे. तशा सायकलीला बास्टेलराड म्हणतात, जोडाजोडीची सायकल. असल्या सायकलीत सगळ्यात तरुण भाग जो असेल ते तिचं वय, हा आमच्याकडचा नियम. मी लिहिलं, वेगवेगळ्या जुन्या भागांतून युद्धानंतर जोडलेली, १९५१ किंवा त्यानंतर. खाली सही.

बुधवारी सकाळी हेर ब्रांडल आले. मी त्यांना आकडे दाखवले. सभ्यपणे, शांतपणे, भिंग त्यांच्या हातात देऊन. त्यांनी पाहिलं आणि भिंग परत केलं.

"आमच्याकडे कुठलीच सायकल एका कारखान्याची नव्हती," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मला वाईट वाटतं, पण हब खोटं बोलत नाही."

त्यांनी टोपी घातली, सायकलीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि निघून गेले. खरं सांगायचं तर मला वाईट वगैरे काही वाटलं नव्हतं. मला माझ्या नेमकेपणाचा अभिमान वाटत होता.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या भावाचा, शशीचा फोन आला. अण्णा जाऊन चार वर्षं झाली होती. दुकान केव्हाच बंद होतं, आणि आता शशी ती जागा रिकामी करत होता.

"ताई, भंगारवाला दारात उभा आहे. बाकी सगळं दिलं. अकरा नंबरचं काय करू सांग की."

"अकरा नंबर? ती कुठली राहिलीय," मी म्हटलं. "तिची फ्रेम तर मी नववीत असताना बदलली. चाकं त्याच्या आधी. हँडल त्या पाटलाच्या पोराने मोडलं. आता आहे ती कुठल्या तरी तिसऱ्याच सायकलीची आहे."

"काही तरीच काय गं बोलतेस," शशी म्हणाला. "सगळ्यावर अण्णांचा अकरा ठोकलाय. हँडल, चिमटा, क्रँक, फ्रेम. अकरा नंबरच ती."

माझ्या हातातला पोळीचा घास तसाच राहिला.

भाड्याच्या सायकलीला एक रोग असतो. गिऱ्हाईक सायकल नेतं, घरी जाऊन तिचं चांगलं पायडल काढतं, स्वतःचं झिजलेलं बसवतं आणि साळसूदपणे परत आणून देतं. म्हणून अण्णा प्रत्येक भागावर सायकलीचा नंबर पंचाने, म्हणजे टोकाला आकडा कोरलेल्या पोलादी खिळ्याने, ठोकायचे. नवा भाग आला की चढवण्याआधी पंच. आणि भाग तर सारखे येत असत. अकरा नंबरचं कुणी काही मोडलं तर चार नंबरचं काढून लावायचं, चारला बाजारातून जुनं आणायचं. आमच्या अठरांत एकही सायकल एका कारखान्याची नव्हती. भाड्याच्या सायकली अशाच जगतात. हे मला वयाच्या आठव्या वर्षापासून ठाऊक होतं. आणि हेर ब्रांडल यांनी माझ्या तोंडावर सांगितलं होतं, आमच्याकडे कुठलीच सायकल एका कारखान्याची नव्हती. सगळ्या न्युरेम्बर्गमध्ये ते वाक्य समजू शकणारी बाई एकच होती आणि तिने भिंग पुढे केलं होतं.

मी शशीला म्हटलं, "अकरा नंबरला हात लावू नकोस," आणि फोन ठेवला.

शिक्षिकेची परवानगी काढली, फ्राऊ केसलरच्या कपाळावरच्या आठ्यांकडे दुर्लक्ष केलं आणि त्या दुपारी सायकल अख्खी सोडवली. अण्णा कुठे ठोकायचे? दिसणार नाही तिथे. चिमट्याची दांडी फ्रेमच्या नळीच्या आत जाते, तिथे ब्रश पोचत नाही. दांडी बाहेर ओढली, रॉकेलने पुसली, दिवा आडवा धरला.

सात.

लहानसा, वरच्या रेघेचं डावं टोक तुटलेलं. मग क्रँकच्या पाठीवर, दोन्हीकडे. हँडलच्या खुंट्यावर. सीटच्या पट्टीखाली. आणि फ्रेमच्या पोटाशी, जाड काळ्या रंगाच्या खाली, कारखान्याच्या नंबराच्या शेजारी. सहा जागी सात, प्रत्येक सातचं तेच टोक तुटलेलं. सात ठोकलेला एकही भाग युद्धानंतरचा नव्हता. मागच्या हबवर मात्र सात नव्हता, कारण ते खेड्यात कुणी तरी नंतर बसवलं होतं. हब खरंच खोटं बोललं नव्हतं. त्याने फक्त स्वतःचं वय सांगितलं होतं आणि मी ते सगळ्या सायकलीचं धरून बसले होते.

फ्राऊ केसलर म्हणाली, "सात कुणीही ठोकू शकतं. कारखान्याचा तपासनीससुद्धा."

"तीन वेगवेगळ्या कारखान्यांच्या भागांवर, तुटक्या टोकाच्या एकाच पंचाने?"

"बरं. म्हणजे सायकल कुणाच्या तरी दुकानातली. ब्रांडल यांच्याच हे कशावरून?"

तिचं बरोबर होतं, म्हणूनच मला तिचा राग आला. गुरुवारी सकाळी मी हेर ब्रांडल यांचा पत्ता घेऊन त्यांच्या फ्लॅटवर गेले. त्यांनी दार अर्धवट उघडलं.

"तुम्ही लिहून दिलंय ना," ते म्हणाले.

"मी चुकीचं लिहिलं," मी म्हटलं. लिलावघरात लागल्यापासून मी हे वाक्य जर्मनमध्ये बोलले नव्हते, मराठीतही फारसं नाही. "तुमच्या वडिलांची काही हत्यारं राहिलीत का?"

दार पूर्ण उघडलं. "थोडी. दुकान वाचलं होतं. घर गेलं."

आम्ही केलरमध्ये उतरलो. इथे प्रत्येक फ्लॅटला तळघरात जाळीची एक खोली असते आणि तीत माणसाचं उरलेलं सगळं आयुष्य असतं. हेर ब्रांडल यांनी फळीवरून सिगारचा पत्र्याचा डबा काढला. आत तेलकट कापडात गुंडाळलेले पंच. त्यांनी ते कापडावर ओळीने मांडले.

"एक हरवलाय," ते ओशाळून म्हणाले. "नऊच आहेत. मी लहानपणी खेळायचो, माझ्याकडूनच गेला असेल. वडिलांना कधी सांगितलं नाही."

मी मोजलं. शून्यापासून आठपर्यंत.

"हरवला नाही," मी म्हटलं. "नऊचा पंच नसतोच. सहाचा उलटा धरून मारतात. आमच्या अण्णांकडेही नऊच होते."

हेर ब्रांडल यांनी सहाचा पंच उचलला, उलटा केला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. सत्तर वर्षं हा माणूस मनात एक चोरी बाळगून होता. ते हसले तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्यात बारा वर्षांचा मुलगा दिसला, आणि माझ्याच डोळ्यांना पाणी आलं.

मग मी सात उचलला. दिव्याखाली धरायचीही गरज नव्हती. नखानेच लागलं, तेच टोक तुटलेलं होतं.

तरी मी पक्कं काम केलं. एकदा हात भाजले होते. लिलावघरात चांदीवरचे छाप बघायला सूक्ष्मदर्शक होता. शिशाच्या पत्र्यावर तो सात ठोकला आणि चिमट्याच्या दांडीवरच्या सातशेजारी ठेवला. तुटक्या टोकाची कड तीच, तिरप्या रेघेवरचा आडवा ओरखडा तोच. फ्राऊ केसलर दहा मिनिटं वाकून पाहत होती. शेवटी सरळ झाली आणि "या," म्हणाली, म्हणजे हो. जर्मन माणसाच्या तोंडून असा एकच, मोकळा, पुढे पण-परंतु नसलेला होकार मी त्याआधी ऐकला नव्हता. मी जुना कागद तिच्यासमोर फाडला. नवा लिहिला. त्यात माझी आधीची चूक काय होती तेही लिहिलं, कारण लिहायलाच हवं होतं. शुक्रवारी शिक्षिका स्वतः आली, कागद वाचला आणि हेर ब्रांडल यांच्याशी हात मिळवला. म्हणाली, "आमच्याकडे ती कशीही आली असली तरी आता घरी जाऊ दे." शनिवारच्या लिलावात त्या नंबराची जागा रिकामी होती. मी मुद्दाम जाऊन ती रिकामी जागा पाहून आले.

सायकल जोडून द्यायचं काम मी पुढच्या आठवड्यात हेर ब्रांडल यांच्या केलरमध्ये केलं. आमचे हेही आले होते, नटबोल्ट धरायला. शेवटी मागचं चाक राहिलं. हेर ब्रांडल यांनी सातचा पंच माझ्यापुढे धरला.

"या चाकावर नाही," ते म्हणाले. "ठोका."

मी मान हलवली. "नाही. जुन्या वस्तूवर नवा छाप मारायचा नाही. पुढे कुणी तपासलं तर फसेल. मी आयुष्यभर असल्यांनाच पकडलंय."

"तुमचे वडील नवं चाक आलं की काय करायचे?"

मी फडक्याने हात पुसू लागले.

"अगं, पहिल्यांदा पंच," हे मागून म्हणाले. "तूच सांगतेस ना नेहमी."

आता एक सांगायला हवं. दुकानातलं सगळं काम मी केलं, पण पंच अण्णांनी मला कधी मारू दिला नाही. मी भाग ऐरणीवर घट्ट धरायची, ते मारायचे. म्हणायचे, "एकच ठोका. हात हलला तर दुहेरी उमटतं आणि मग ते जन्मभर तसंच." मी डिप्लोमा केला, परदेशी आले, लोकांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवायला सुरुवात केली, तरी दर सुट्टीत विचारायची आणि ते हसून हातोडी काढून घ्यायचे. शेवटच्या वेळी इचलकरंजीला गेले तेव्हा त्यांचाच हात थरथरत होता. मी विचारलं नाही. तेव्हा विचारायला हवं होतं.

हबवर मारला असता तर आतल्या छर्ऱ्यांना धक्का बसला असता. म्हणून ब्रेकची सपाट पट्टी, हबला फ्रेमशी बांधणारी, सोडवून काढली. ऐरण नव्हती, रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता, वर्कशॉपमधून आणलेला. ह्यांनी पट्टी धरायला हात पुढे केला, पण हेर ब्रांडल यांनी आधीच दोन्ही हातांनी ती घट्ट धरली होती. मी पंच उभा धरला, डोळ्यांनी जागा पक्की केली आणि एकच ठोका मारला.

सात स्वच्छ उमटला. डावं टोक तुटलेलं.

मग त्याच्याखाली, त्यांनी न सांगता, मी एकाचा आणि चारचा पंच घेऊन १४ ठोकलं. हे चाक सात नंबरमध्ये कधी आलं, ते पुढे जो कुणी ही सायकल पालथी घालील त्याला कळायला हवं. हेर ब्रांडल यांनी अंगठ्याने आधी सात चाचपला, मग चौदा, आणि मान डोलावली.

पट्टी बसवली, चाक चढवलं, चेन ताणली. अण्णांची अकरा नंबर आता शशीच्या ओसरीत उभी आहे. भंगारवाल्याला त्याने परत पाठवलं. पण ते नंतर. त्या दिवशी मी सात नंबर उचलून सरळ केली, चाकं जमिनीला लावली, आणि झुकलेल्या बाजूचं हँडल त्यांच्या हातात दिलं.